डाळिंबी ठिपके

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

गाडी आमच्या दारात येऊन महिना झाला. पोचल्याचं फोनवर कळवलं होतं, पण फोनवर तू तिसऱ्या वाक्याला विषय बदलतोस, म्हणून हे कागदावर. कागदावर विषय बदलायचा तर माणसाला निदान पुढच्या टपालापर्यंत थांबावं लागतं.

आधी आईचं. थंडीमुळे खुबा ठणकतो, पण काठी घेऊन ती फाटकापर्यंत जाते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगते की ही गाडी माझ्या लेकाने दिली. ती चालवतं कोण, धुतं कोण, हे कोणी विचारत नाही आणि तीही सांगत नाही. एक खूळ मात्र तिने नवीन काढलंय. पुढच्या सीटवर बसत नाही. डॉक्टरांनी पाय लांब ठेवायला सांगितला म्हणून मी ती सीट पार मागे सरकवून ठेवली, तर ही मागचं दार उघडून बसते. डोळ्यांवर ऊन येतं म्हणे. परवा दिवसभर ढग होते, तरी ऊन आलंच. मी पुढे एकटी, ती मागे. रस्त्यावरच्या लोकांना वाटत असेल, बाईसाहेबांनी ड्रायव्हर म्हातारी ठेवली आहे.

गाडीचं वय झालंय, पण माझंही झालंय, तेव्हा आमचं जमतं. हॉर्न बोलता केला, वायपर बदलले, डावी काच खाली जाऊन वर यायला तयार नव्हती तिला वठणीवर आणलं. बाबांची पान्यांची पेटी अजून माझ्याकडे आहे. कॉलेजात इतकी वर्षं पोरांना भौतिकशास्त्राचे प्रयोग शिकवले, आता निवृत्तीनंतर कोणी प्रयोग करू देत नाही, म्हणून गाडीवर करते. गॅरेजवाल्याकडे एकदा गेले होते. पांढरे केस बघून तो बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाला की मॅडम, सगळा सेट बदलावा लागेल. कसला सेट ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

आता कामाचं. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. उजवा दिवा रस्ता सोडून झाडांचे शेंडे दाखवतो. आणि पुढच्या सीटसमोरच्या कप्प्याचं झाकण आतून फुटलंय, कोणीतरी ते चिकटवलंय, तरी लागत नाही. गाडी पुढून कधी ठोकली, घासली, उघडली होती का? सरळ सांग. मे महिन्यात मामांकडे सगळे जमणार आहेत. दवाखान्यातून आल्यापासून आई भावाला भेटलेली नाही, आणि तोही आता अंथरुणाला खिळलाय. तिने जायचंच असा हट्ट धरलाय. वाटेत घाट आहे. ब्रेकचा पूर्ण इतिहास कळल्याशिवाय मी तिला घाटातून उतरवणार नाही, मग ती कितीही रुसो.

तुझी बायको कशी आहे? मी पाठवलेली रबरी चटई न्हाणीघरात घातली आहे ना, की अजून गुंडाळून ठेवली आहे? तीन वर्षं झाली, पण ओल्या फरशीपायी धडधाकट बाई काठीवर आली हे मला अजून गिळता येत नाही. लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं.

उत्तर पत्रानेच दे. लोभ आहेच, तो जपून खर्च कर.

तुझी,
ताई


ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे तोंडी परीक्षा. वाचताना मी खुर्चीत नीट ताठ बसलो, बायको बघून हसली.

गाडीबद्दल निर्धास्त राहा. पुढून ती एकदाही उघडलेली नाही. कंपनीने बांधली तशीच आहे. मी आपलं तेल बदललं, बॅटरी बदलली, यापलीकडे हात लावला नाही. बाबांचा हात तुझ्यात उतरला, माझ्यात नुसता त्यांचा विसरभोळेपणा. गाडी डावीकडे ओढते म्हणजे टायरमध्ये हवा कमी-जास्त असेल. दिव्याचा बल्ब वाकडा बसला असेल. कप्प्याचं झाकण मीच फोडलं, एकदा त्यात जाडजूड फाइल कोंबली होती.

एक विनंती मात्र ऐक. या वयात गाडीखाली शिरू नकोस. कंबर धरली तर आईला बघायचं कोणी? चांगल्या गॅरेजात दे, मी इथून त्यांच्याशी बोलतो. पुढचा भाग तर उघडूच नकोस, त्या प्लास्टिकच्या खिट्ट्या एकदा तुटल्या की मिळत नाहीत.

आईला पुढे बसायचा आग्रह करू नकोस. म्हातारपणी माणसाला मागे बसून राज्य करावंसं वाटतं, करू दे. चटई जागच्या जागी आहे. हिची तब्येत बरी आहे, तुला नमस्कार सांगते.

डोळे वटारलेस तरी धाकट्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझा,
धाकटा


ता. २ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हवा पाहिली, बरोबर आहे. बल्ब पाहिला, सरळ आहे. वाकडी आहे ती दिव्याची बैठक. ती का वाकडी, हे बघायला बंपर उतरवला. खिट्टी एकही तुटली नाही, तुझी काळजी वाया गेली. आत पाहिलं आणि घरातून स्टूल आणून समोर बसले. आईने खिडकीतून विचारलं की काय झालं, तर काही नाही म्हटलं.

बाबांचा नियम मी तुला सांगायचा म्हणजे गंमतच आहे, पण सांगते, कारण तू विसरलास असं दिसतं. छापखान्यात यंत्रांवर काम करताना त्यांना लागलेली ती सवय. सोडलेला बोल्ट आवळून झाला की त्याच्यावर रंगाचा ठिपका द्यायचा, आणि ठिपक्यापासून शेजारच्या पत्र्यावर एक शेपटी ओढायची. बोल्ट ढिला पडून फिरला की शेपटी तुटलेली दिसते. आपण त्यांना बेडूकपिल्लं म्हणायचो. ज्या बोल्टवर बेडूकपिल्लू नाही, तो आवळलाच नाही असं समजायचं, आणि अशी गाडी फाटकाबाहेर काढायची नाही. हा घरचा कायदा होता. कंपनीतही खुणा करतात, हे मला माहीत आहे, पण त्यांची नुसती सरळ रेघ असते. शेपटीच्या टोकाला डावीकडे मुरड, ती फक्त बाबांची. जगात ती तीन माणसांना येत होती. त्यातलं एक वारलं आणि एक मी.

तुझ्या कधीच न उघडलेल्या गाडीत पुढच्या आडव्या पट्टीवर, दिव्यांच्या बैठकीवर, बॉनेटच्या बिजागऱ्यांवर, जिथे पाना लागतो तिथे बेडूकपिल्लं आहेत. पट्टी ठोकून सरळ केलेली आहे. रेडिएटर गाडीपेक्षा बराच तरुण आहे. गाडी कशावर तरी जोरात आदळली आहे आणि कोणाला कळू नये म्हणून तू ती घरीच बांधली आहेस. काम चांगलं केलंयस, ते वेगळं.

बाबा पांढरा ऑइलपेंट वापरायचे. हे ठिपके डाळिंबी आहेत आणि नखाने खरवडले की सालीसारखे सुटतात. नेलपॉलिश आहे. हा रंग मी तुमच्या लग्नापासून तुझ्या बायकोच्या बोटांवर पाहत आले.

मी याचा खूप विचार केला. तुझ्या हातून गाडी ठोकली गेली असती, तर तू लपवलं नसतंस. लहानपणी चेंडूने काच फोडलीस की शेजारी ओरडायच्या आत तूच धावत घरी सांगायला यायचास. त्याबद्दल बाबा तुला मारत नसत, आणि मला त्याचा फार राग यायचा. तू लपवतोयस म्हणजे दुसऱ्या कोणासाठी लपवतोयस. बायको गाडी शिकत होती का? ठोकली का तिने? तसं असेल तर तसं लिही. मी खाणार नाही कोणाला. मला फक्त आईला सुखरूप न्यायचं आहे.

खरं लिहावं, म्हणजे लोभाला गंज चढत नाही.

ताई


ता. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पकडलंस. तुझ्यापासून काही लपत नाही हे मला लहानपणापासून माहीत असायला हवं होतं.

तू म्हणतेस तसंच झालं. ही शिकत होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिने घाबरून भलतंच पेडल दाबलं आणि गाडी खांबावर गेली. कोणाला काही लागलं नाही. तिने रडून रडून सांगितलं की वन्संना कळू देऊ नका, म्हणून मी घरीच दुरुस्त केली. तिला वचन दिलं होतं, त्यामुळे तुझ्याशी खोटं बोललो. माझी चूक एवढीच.

आता कृपा करून तिला काही लिहू नकोस. आईच्या पडण्यावरून ती आधीच तुझ्यासमोर मान वर करत नाही. आणखी हे नको. ब्रेकचा याच्याशी काही संबंध नाही, तू निःशंक मामांकडे जा. हा विषय आपण दोघं इथेच मिटवू.

मोठ्या मनाने घेशील याची खात्री आहे, कारण तुझं मन मोठं आहे.

तुझा,
धाकटा


ता. १७ मार्च

चि. सौ. भावजयीस,
अनेक आशीर्वाद.

तुला लिहू नये असं तुझ्या नवऱ्याने बजावलं, म्हणून लिहिते आहे. मी त्याला न लिहिण्याचं वचन दिलेलं नाही.

गाडी शिकताना तू ती खांबावर घातलीस, असं त्याने कळवलं. गाडी शिकताना आदळणं हा गुन्हा नाही. लपवणं मात्र मला आवडत नाही, हे तुला ठाऊक आहे. आईच्या वेळी झालं ते झालं, ते मी पुन्हा उगाळत नाही, पण एका घरात दोन गोष्टी निष्काळजीपणाने घडतात तेव्हा घरातल्या बाईने स्वतःला काही विचारावं, एवढंच म्हणते.

माझा प्रश्न साधा आहे. गाडी उजवीकडून ब्रेक कमी धरते. तो दोष आदळल्यामुळे आला की दोष होता म्हणून गाडी आदळली, हे मला कळायला हवं. तेव्हा आठवून सांग. ब्रेक दाबलास तेव्हा पायाखाली काही लागलं, की पाय नुसताच खाली गेला? आईला घाटातून न्यायची आहे, संकोच करू नकोस.

उत्तर लवकर यावं. खरं आलं तर माझ्या मनात काही राहणार नाही.

ताई


ता. २६ मार्च

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

पाय खाली गेला का, असं तुम्ही विचारलंत. गेला. पण तो पाय माझा नव्हता.

मला गाडी येत नाही. मी शिकायला बसलेही नाही कधी. त्या दिवशी मी मागच्या सीटवर होते आणि आई पुढे, यांच्या शेजारी. आईंचा नवा चष्मा आणायला निघालो होतो. आदल्या दिवशी यांनी अंगणात पुढचे ब्रेक पॅड बदलले होते. उजव्या चाकाचं काम चालू असताना ऑफिसमधून फोन आला. यांनी घाईने चाक चढवलं आणि गेले. ठिपके उद्या देतो म्हणाले. सकाळी निघताना आईंनी विचारलं की बेडूकपिल्लं काढलीस का. हे हो म्हणाले.

बाजाराच्या उतारावर यांनी ब्रेक दाबला, परत दाबला, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले की काही लागत नाही. समोर ट्रक उभा होता. आईंचा गुडघा समोरच्या कप्प्यावर बसला आणि त्या धक्क्याने खुबा मोडला. ट्रकचा ड्रायव्हर आणि मी, आम्ही दोघांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. संध्याकाळी यांनीच मला सांगितलं की ब्रेकचा खालचा बोल्ट नुसता बोटांनी फिरवून ठेवला होता, तो वाटेत गळून पडला.

दवाखान्यात आईंनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या की न्हाणीघरात पडले म्हणून सांगा. फरशीला कोण बोल लावतंय, असं म्हणाल्या. मलाही तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. फरशीला कोणी बोल लावला नाही. मग तुम्ही आलात. तिथल्या बोळात मामा, मामी, मावशी सगळे उभे होते. त्यांच्यासमोर तुम्ही मला म्हणालात की फरशी कोरडी ठेवायला पदवी लागत नाही, लक्ष लागतं. हे माझ्या शेजारी उभे होते. यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली, तिच्याकडे पाहिलं, परत खिशात ठेवली. मला वाटलं, संध्याकाळी सांगतील. मग वाटलं, आई घरी आल्यावर सांगतील. मग तुम्ही आईंना तुमच्याकडे घेऊन गेलात, या घरात त्या सुरक्षित नाहीत म्हणून, आणि वाट बघायचंही कारण उरलं नाही.

तुमची चटई टपालाने आली ती मीच उलगडली. रोज तिच्यावर उभी राहून अंघोळ करते.

गाडी यांनी ताडपत्रीच्या आड सुट्टीच्या दिवशी थोडी थोडी करून जोडली. एकदा आत येऊन नेलपॉलिश मागितली. मी अख्खी बाटली दिली. जे बोल्ट सोडलेही नव्हते त्यांच्यावरसुद्धा ठिपके देत बसले होते. ही गाडी वन्संना देऊ नका, त्या उघडून बघतील, असं मी म्हटलं होतं. हे म्हणाले, या वयात ताई कुठली गाडीखाली जाते.

मी ठोकली, असं यांनी तुम्हाला कळवल्याचं तुमच्याच पत्रातून समजलं. पहिल्या वेळी हे नुसते गप्प राहिले होते. गप्प राहणं मी पोटात घातलं होतं. या खेपेला बोलले, ते पोटात मावत नाही.

आईंना रागावू नका. आणि मी लोभ मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. तुम्ही ब्रेकबद्दल विचारलंत, त्याचं उत्तर दिलं.

आपली,
भावजय


ता. ३० मार्च

धाकट्यास,

आशीर्वादाची जागा सध्या रिकामी ठेवते.

तुझ्या बायकोचं पत्र आलं. ते हातात घेऊन मी गाडीकडे गेले आणि त्या कप्प्याचं झाकण उघडून पाहिलं. तडा मधोमध आहे, गोल. फाइलने असा तडा जात नाही. गुडघ्याने जातो. महिनाभर मी ते झाकण चिकटवायला चांगला डिंक शोधत होते.

आईला विचारलं. ती आधी म्हणाली की कोणी काहीही लिहितं. मग म्हणाली की बाबांचा नियम मोडल्याचा तुला कमीपणा आला असता, सगळे तुला हसले असते, म्हणून तिने फरशीचं नाव घेतलं. फरशीला कुठे वाईट वाटतं? मी म्हटलं, फरशीला नाही वाटत, पण ती पुसणारी होती ना कोणीतरी. त्यावर आईने चष्मा काढून पदराने पुसला आणि बराच वेळ पुसत राहिली. डोळ्यांवरच्या उन्हाचं पुन्हा काही बोलली नाही.

मला काय लागलं ते सांगते, म्हणजे तुझा गैरसमज नको. गाडी ठोकलीस त्याचं नाही. अर्धवट काम ठेवून उठलास त्याचंही नाही, माणसं उठतात. तीन वर्षं मी तुझ्या बायकोला जे टोचून बोलले, त्यातला शब्दन् शब्द तुझ्या कानांवर पडत होता आणि तू तो पडू दिलास. माझ्या जिभेने तू स्वतःचं झाकून घेतलंस. आणि आता तर कमालच झाली. काच फोडून धावत येणारा माझा भाऊ खोटं बोलणार नाही, या भरवशावर मी तुझ्यासाठी एक कारण रचलं, आणि तू ते माझ्याच हातातून उचलून बायकोच्या अंगावर टाकलंस. त्या मुलाला मी ओळखत होते. तू कोण ते मला माहीत नाही.

मे महिन्यात मामांकडे तीच सगळी माणसं असतील. मी जे बोलले ते त्यांच्यासमोर बोलले होते. तू तिथे ये आणि काय झालं ते तुझ्या तोंडाने सांग. बसून सांग, उभं राहून सांग, जेवता जेवता सांग, माझी हरकत नाही. तुझी बायको तिथे तोंड दाखवू शकत नाही ती माझ्यामुळे आणि तुझ्यामुळे. मी माझ्या वाटचं निस्तरते. तुझ्या वाटचं मी करणार नाही.

बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

ताई


ता. १२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तू समजतेस तसा मी नाही. आईचीच तशी इच्छा होती आणि आईचा शब्द मला मोडवला नाही. हिलाही सगळं माहीत होतं, तिने कधी तक्रार केली नाही. मग आता इतक्या वर्षांनी चारचौघांत तमाशा करून कोणाचं भलं होणार आहे? मामांची तब्येत बघता ते बरंही दिसणार नाही.

मेमध्ये ऑफिसचं काम निघालंय, मला यायला जमेल असं वाटत नाही. आईला मी फोन करतो. हे पत्र वाचून फाडून टाक.

रक्ताचं नातं आहे, ते एका बोल्टवरून तुटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


ता. २१ मे

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. हातात काही असल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. काही आहे, पण जेवढं हवं होतं तेवढं नाही.

आधी ब्रेकचं, कारण ते तुला विचारलं होतं. उजव्या चाकाशी जो दांडा सरकायला हवा तो त्या धक्क्याने किंचित वाकला होता आणि अडकत होता. तो बदलला, दोन्हीकडचे पॅड नवीन घातले, ब्रेकचं तेल बदलून नळ्यांतली हवा काढली. डाळिंबी ठिपके ब्लेडने खरवडून काढले. प्रत्येक बोल्टवर पाना लावून पाहिला आणि मगच पांढरं बेडूकपिल्लू काढलं. मामांकडे निघताना आईने फाटकात विचारलं की बेडूकपिल्लं काढलीस का. मी हो म्हटलं नाही. तिला हाताला धरून चाकापाशी नेलं, आरसा धरला आणि दाखवलं. काठीवर वाकून तिने शेपटीची मुरडसुद्धा तपासली. मग मागचं दार उघडून बसली.

तुझा नवरा आला नाही. आईला त्याचा फोन आला, ती कोपऱ्यात जाऊन बोलली. जेवणं झाली आणि मामींनी नेहमीप्रमाणे विचारलं की सूनबाईचं कसं काय, आता तरी घराकडे लक्ष आहे का. तेव्हा मी सगळं सांगितलं. गाडी, बोल्ट, ट्रक, आणि दवाखान्याच्या बोळात मी तुला काय म्हणाले होते तेही, कारण कोणी विसरलं असलं तर. आईने मला दोनदा गप्प बस म्हटलं. शेवटी मामांनी पडल्या पडल्या तिला विचारलं की हे खरं का. आई म्हणाली, आता वयामुळे नीट आठवत नाही.

हिला शाळेत शिकलेल्या कविता अजून तोंडपाठ आहेत. मामा कोणत्या वर्षी कोणत्या झाडावरून पडले ते त्याच दिवशी सकाळी तिने सांगितलं होतं. पण आठवत नाही म्हणाली, आणि मामींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू भावाची बदनामी करायलाच मी घाट चढून आले. याआधी माझा शब्द कोणी खोटा धरल्याचं मला आठवत नाही. तुझ्या वाट्याला हेच तीन वर्षं आलं, आणि तेव्हा तर तुला बोलायलाही कोणी दिलं नव्हतं. त्या खोलीत थोडा वेळ बसले तेवढ्यात मला ते समजलं. आधी समजायला हवं होतं.

परतताना आई मागेच बसली. घाटाच्या माथ्यावर, उतरण्याआधी ब्रेक बघायला थांबले. ती खाली उतरली, पाणी प्यायली, आणि पुढच्या दाराशी जाऊन काठी टेकून उभी राहिली. मी दार उघडलं. ती पुढे बसली. पूर्ण घाट वरची कडी धरून होती. पायथ्याशी आल्यावर समोरच्या काचेकडे बघत म्हणाली की सूनबाईने मला ओढून बाहेर काढलं, तिच्या हातालाही लागलं होतं. मी म्हटलं, हे वर सांगायचं होतंस. ती म्हणाली, वर सगळ्यांसमोर तो माझा मुलगा होता.

तुझ्या हाताला लागल्याचं तू लिहिलं नव्हतंस.

मामा, मामी आणि मावशी, तिघांना मी स्वतंत्र पत्रं लिहिली आहेत. आईच्या आठवणीवर त्यांचा विश्वास असेल, पण माझं हस्ताक्षर ते अजून मास्तरणीचं मानतात. किती पटेल सांगता येत नाही. तुझ्या नवऱ्याला मी लिहिलेलं नाही. त्याचं पत्र फाडलेलं नाही. तुझ्या घरात तू त्याच्याशी कसं वागायचंस ते तू ठरव. माझ्याकडे यावंसं वाटलं, तर मागची खोली रिकामी आहे आणि तिची किल्ली तुझ्याच हातात राहील.

आई तुला भेटायचं म्हणते. मी तिला सांगितलं की तू बोलावलंस तरच नेईन.

एक काम मात्र कर. ती रबरी चटई न्हाणीघरातून काढ, गुंडाळ आणि मला परत पाठव. गाडीखाली बघायचं तर गुडघे टेकावे लागतात, आणि माझ्या अंगणात फरशी उघडीच आहे.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तुझ्याकडे तो मागायला मी अजून धजत नाही. नुसतंच, कळावे.

तुझी,
वन्सं